बारा कोऱ्या पानांवरची साक्ष

माझी मोठी मावशी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लिननच्या खोलीत सव्वीस वर्षं होती. खोली तळमजल्यावर, धुलाईच्या यंत्रांना लागून. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे सगळे तिथूनच जायचे आणि डाग घेऊन तिथंच परत यायचे. यंत्रांच्या घरघरीवर बोलून बोलून मावशीचा आवाज असा तयार झाला होता की ती कुजबुजली तरी शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू जायचं. तिनं लग्न केलं नव्हतं. माझे वडील गेल्यावर आई आणि मी तिच्याकडे राहायला आलो आणि तिथलेच झालो. दोघी बहिणींचं सकाळी भांडण व्हायचं, संध्याकाळी मिटायचं. मी तेव्हा एका छापखान्यात मजकूर तपासायला जात होते.

मावशी कुणाला भीत नसे. रक्ताला नाही, वॉर्डातल्या आरडाओरड्याला नाही, हॉस्पिटलच्या अधीक्षकांनाही नाही. एकदा त्यांनी झगे कमी पडले म्हणून फोनवर आवाज चढवला, तर तिनं "साहेब, झगे झाडाला लागत नाहीत" म्हणून फोन ठेवून दिला होता. अशी बाई घाबरते तेव्हा घरातल्या बाकीच्यांनी कुणाकडं बघायचं, ते कळत नाही. मी ते एकदाच पाहिलं, पण पुरेसं पाहिलं.

साक्षीचं काम तिच्याकडं आलं ते असं. हॉस्पिटलात सांध्यांच्या सुजेवरच्या एका नव्या गोळीची चाचणी सुरू झाली होती. गोळी परदेशातल्या कंपनीची, आणि पाच देशांत एकाच वेळी रुग्णांना देऊन बघायची होती. असं काही करायचं तर आधी नीतिसमितीची परवानगी लागते. ही समिती रुग्णाच्या बाजूनं विचार करते: याला धोका किती, याला सगळं सांगितलं का, हा आपल्या मर्जीनं आलाय का. तिचा नियम असा की ज्याला वाचता येत नाही, त्याच्याजवळ चाचणीशी संबंध नसलेल्या एका माणसानं बसायचं. सगळं समोर सांगितलं गेलं, रुग्णाला समजलं, त्यानं स्वखुशीनं अंगठा दिला, असं बघून मग खाली सही करायची. डॉक्टर चालत नाहीत, चाचणीतल्या नर्स चालत नाहीत. लिननवाल्या मावशीचा मात्र चाचणीशी काडीचा संबंध नव्हता.

तेव्हा चाचणीचं काम एक थोरल्या सिस्टर बघायच्या. त्यांचा घसा बसला होता, म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी संमतीपत्र मावशीच्या हातात दिलं. नऊ पानं. मावशीनं ती बातम्या वाचाव्यात तशी खणखणीत वाचली. मग तोच पायंडा पडला. मावशी वाचायची, सिस्टर समजावून सांगायच्या, रुग्ण विचारायचा. अर्धा-पाऊण तास सहज जायचा.

पहिली रुग्ण एक रद्दी गोळा करणारी म्हातारी होती. तिनं विचारलं, "मी नाही म्हटलं तर माझी नेहमीची औषधं बंद होतील का?"

"नाही हो. चौथ्या पानावर लिहिलंय. थांबा, परत वाचते."

म्हातारीनं ते तीन वेळा वाचून घेतलं, हातातली पिशवी उचलली आणि म्हणाली, "मग नाही." आणि गेली. मावशीला वाटलं, आता सिस्टर चिडणार. सिस्टर म्हणाल्या, "आज आपलं काम चोख झालं." हे मावशीनं घरी आठ दिवस सांगितलं. शाळेत शिक्षिका व्हायचं तिच्या मनात होतं, ते राहून गेलं होतं. आता तिचं कुणीतरी ऐकत होतं.

ती पानं तिला पाठ झाली होती. भांडी घासताना ती सहावं पान म्हणायची: "डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर गोळी त्याच क्षणी थांबवा आणि असाल तसे हॉस्पिटलात या. या गोळीनं काही जणांच्या यकृताला इजा झाली आहे." आई ओरडायची, "जेवायच्या वेळी कसले पिवळे डोळे घेऊन बसलीस!"

मग सिस्टरांची बदली झाली आणि एक तरुण समन्वयक आला. दिवसभर काखेत फाइली, म्हणून सगळे त्याला फाइलवाला म्हणायचे. वाईट नव्हता. गोड बोलायचा, मावशीला खुर्ची द्यायचा. पण बाकीच्या चार देशांत ठरलेली माणसं भरली होती आणि आपल्याकडं निम्मीही नव्हती. रोज वरून फोन. तो म्हणायचा, "मावशी, तुम्ही बाहेर बसा. मी थोडक्यात सांगतो, सहीला हाक मारतो." पाऊण तासाची दहा मिनिटं झाली, दहाची पाच. मावशी पहिल्यांदा कुरकुरली. दुसऱ्यांदा कमी कुरकुरली. तिसऱ्यांदा तिला खालून धुलाईवाल्यांची हाक आली, आणि ती सही करून पळाली.

त्याच सुमारास तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले. चाचणीचे प्रमुख असलेले मोठे डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी स्वतः नेत्रविभागाला सांगून तिचा नंबर आधी लावून दिला. एक डोळा आता, दुसरा दोन महिन्यांनी. रजेवर जायच्या आदल्या दिवशी फाइलवाला लिननच्या खोलीत आला. त्याच्या हातात बारा कागद होते. सगळी संमतीपत्राची शेवटची पानं, नाव-अंगठ्याच्या जागा कोऱ्या.

"मावशी, तुम्ही दहा दिवस नाही. माणसं ठरलेली आहेत. एवढ्या सह्या करून ठेवा."

"माणसं कुठायत?"

"येतील की. आल्यावर मी समजावतोच ना. तुमच्या सहीवाचून त्यांना परत पाठवू का? लांबून येतात हो."

मावशीनं घड्या घालायच्या टेबलावर कागद ठेवून बारा सह्या केल्या. तारखेची जागा मोकळी ठेवली. नंतर ती मला म्हणाली होती, "अकराव्या सहीला पेन अडलं गं. मी ते झटकलं आणि पुढं केलं."

डोळा छान झाला. ती परत कामाला लागली. त्याला महिनाभर झाला असेल, एका मंगळवारी दुपारी लिननच्या खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. हातात प्लास्टिकची फाइल, ती छातीशी धरलेली.

"सही करणाऱ्या बाई तुम्हीच का?"

"कसली सही?"

"गोळीची." बाईनं फाइल खिडकीतून आत सरकवली. "माझे मालक वेल्डिंग करतात. पाच आठवडे तुमची गोळी घेतायत. नऊ दिवसांपूर्वी डोळे पिवळे झाले. ते म्हणाले, ठिणग्यांनी झालं असेल, आधीही डोळे लाल व्हायचे. गोळी एकदाही चुकवली नाही. चुकवायची नाही म्हणून बजावलं होतं ना इथं! परवा रक्ताची उलटी झाली. वर आहेत आता, काचेच्या खोलीत."

मावशीनं फाइल उघडून शेवटच्या पानावरची तारीख पाहिली.

"आम्हाला दोघांनाही वाचता येत नाही. शेजारची पोरगी शिकलेली आहे, तिनं काल हा कागद वाचला. हे सहावं पान. हे सगळं तुम्ही त्यांना वाचून दाखवलंत, असं खाली लिहिलंय म्हणाली. तुमचं नाव आहे." बाईचा आवाज चढला नव्हता, उलट अगदी जपून बोलत होती. "वाचलं होतं का, एवढंच सांगा. वाचलं असेल आणि तरी हे गोळ्या खात बसले असतील, तर मी त्यांच्यावर चिडेन. बरे झाल्यावर चांगली झाडेन. पण नसेल वाचलं…"

मावशी म्हणाली, "यंत्र बंद करायचंय मला," आणि आत गेली. आत चादरींच्या उंच गठ्ठ्यांमागं ती उभी राहिली. बाहेरची बाई किती वेळ थांबली ते तिला कळलं नाही. यंत्र चालूच होतं.

त्या संध्याकाळी ती घरी आली आणि तिनं मला विचारलं, "ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मी कुठं होते गं?"

"पलंगावर. मीच तर थेंब घालत होते, दिवसातून सहा वेळा."

"बाहेर पडले होते का? अगदी तासभर?"

"डोळ्यावर एवढा कापूस होता, कुठं जाणार होतीस? का?"

तिनं सगळं सांगितलं: बारा सह्या, खिडकीशी आलेली बाई, आणि कागदावर टाकलेली त्या चौथ्या दिवसाची तारीख. सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढं वाकून ऐकावं लागलं. त्या रात्रीपासून तिचा तो मोठा आवाज गेलाच. जेवण दोन घासांवर आलं. दाराची बेल वाजली की ती आधी स्वयंपाकघराच्या दाराआड जायची आणि मग विचारायची, कोण आहे. दूधवाल्याला ती दोनदा पोलीस समजली. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण आमच्या घरात आम्हा तिघींनाही खवखवायला लागलं. छापखान्यात माझ्या हातून चुका सुटायला लागल्या.

मोठे डॉक्टर तिला एकदा जिन्यात भेटले. थांबले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काय मावशी, डोळा कसा आहे? दुसराही करून टाकू हं लवकर." एवढंच. ते नेहमीच असं प्रेमानं बोलायचे. पण वर निघालेली मावशी तिथूनच परत खाली आली. ते बोलणं नेहमीचं होतं की त्यात आणखी काही होतं, हे तिला ठरवता येईना. मलाही आजवर ठरवता आलेलं नाही.

गुरुवारी फाइलवाला घरी आला. फळं घेऊन. बसला, पाणी मागितलं आणि अर्धंच प्यायला. त्याचेही डोळे खोल गेले होते.

"सोमवारी समितीची बैठक आहे. परदेशातून कंपनीच्या तपासनीस बाईही येतायत. तुम्हाला विचारतील. तुम्ही एवढंच म्हणा, मी होते, माझ्यासमोर सांगितलं."

"मी रजेवर होते," मावशी म्हणाली.

"रजेची वही कोण बघतं हो! आणि बघितलीच, तर म्हणायचं, घर जवळ आहे, तासाभरासाठी आले होते."

"डोळ्याला पट्टी होती."

"दुसरा डोळा होता ना? एका डोळ्यानं वाचलं म्हणा."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी अंगावर काटा आला. तो अगदी गंभीरपणे बोलत होता.

"मावशी, नीट ऐका. कोऱ्या पानावर सही मी केलेली नाही, तुम्ही केलीय. मी बुडालो तर तुम्हीही बुडाल. माझी मुलगी चार महिन्यांची आहे. मी काही त्या माणसाला विष दिलं नाही. गोळी चांगली आहे. हजारो लोक घेतायत. एकाला सोसली नाही."

तो गेल्यावर आईनं दाराला आतून साखळी लावली. ती आम्ही कधी लावत नसू.

"गप्प बस तू," आई मावशीला म्हणाली. "बोललीस तर आत जाशील, नोकरी जाईल. न बोललीस तर कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल की."

"तुला कळून काय होणार आहे? तो माणूस बरा होणार आहे का?" आणि मग आईला रडू फुटलं. "मी कुठं जाऊ गं या वयात? हिला घेऊन?"

खरं सांगायचं तर मला आईचं पटत होतं. इकडे आड, तिकडे विहीर. आणि गप्प राहिलं तर निदान आपण होऊन विहिरीत उडी मारावी लागणार नव्हती, असं मला वाटत होतं.

शनिवारी मावशी स्वतः चादरींचा गठ्ठा घेऊन वर गेली. हे तिचं काम नव्हतं, त्याला वेगळी माणसं होती. काचेच्या खोलीत वेल्डर पडला होता. मावशी म्हणायची, स्वच्छ पांढऱ्या चादरीवर माणूस किती पिवळा दिसतो, ते तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. हातांवर ठिणग्यांचे बारीक बारीक जुने डाग होते, तेवढेच काय ते काळे. तो जागा होता.

"चादर बदलताय?" तो म्हणाला. "बघून घ्या बाई. पिवळा दिसला म्हणून मलाच धुवायला टाकाल."

उशीचा अभ्रा बदलता बदलता तिनं विचारलं, "गोळी सुरू करताना तुम्हाला काही वाचून दाखवलं होतं का कुणी?"

"वाचून कशाला? साहेब म्हणाले, नवी आहे, बाहेरची आहे, चांगली आहे. मी विचारलं, काही होणार नाही ना? ते म्हणाले, झालं तर आम्ही आहोतच." तो दम घ्यायला थांबला. "आहेत की. दिवसातून तीनदा येतात."

बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. दोघींनी एकमेकींना पाहिलं. मावशी जिना उतरायला लागली आणि तिसऱ्या पायरीवर बसली.

सोमवारी मी रजा काढून तिच्याबरोबर गेले. मला आत सोडणार नव्हते, पण मावशीनं माझा हात सोडला नाही, तेव्हा समितीच्या अध्यक्षबाईंनी मला भिंतीशी बसायला सांगितलं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश, पांढरे आखूड केस. टेबलाभोवती सहा-सात माणसं. दोन डॉक्टर बाहेरच्या संस्थांमधले, एक वकील, आणि कोपऱ्यात एक शिंपी. अशा समितीत एक सामान्य माणूस असावाच लागतो म्हणून त्याला घेतलेलं. परदेशी तपासनीस बाई उंच, थकलेल्या, शेजारी दुभाषी. समोरच्या बाजूला मोठे डॉक्टर आणि फाइलवाला. मावशीची सही केलेलं पान टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं.

मावशीच्या तळहाताला इतका घाम होता की माझा हात त्यातून निसटत होता. तिला उभ्या राहा म्हणाले, मग बसा म्हणाले.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "ही सही तुमची?"

"हो."

"तुम्हाला यातलं काय काय माहीत आहे?"

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. फाइलवाला तिच्याकडं बघत नव्हता, स्वतःच्या नखांकडं बघत होता. वकिलानं काही कलमं सांगितली, त्यातलं मला काही कळलं नाही, तिलाही कळलं नसावं. मला वाटलं, ही आता काहीच बोलणार नाही आणि तसंच निभावून जाईल. देवा, तसंच होऊ दे, असंही वाटलं. आज लाज वाटते.

मग तो शिंपी खाकरला. म्हणाला, "ताई, मी एक विचारू का? त्या माणसाचा चेहरा तुम्हाला आठवतो का?"

मावशीनं मान वर केली. "आठवतो," ती म्हणाली. फाइलवाल्यानं श्वास सोडलेला मला ऐकू आला. "पण मी तो पहिल्यांदा परवा पाहिला. शनिवारी. त्याच्याआधी मी त्या माणसाला कधी बघितलंच नव्हतं."

कुणी काही बोलायच्या आत ती बोलत सुटली. रजा, पट्टी, टेबल, कोरी पानं. दुभाषी भराभर पुटपुटत होता. तपासनीस बाईंनी लिहिणं थांबवून तिच्याकडं पाहिलं आणि काहीतरी विचारलं. दुभाषी म्हणाला, "तुमच्यावर जबरदस्ती झाली का, असं विचारतायत."

"नाही," मावशी म्हणाली. "पेन माझंच होतं."

मोठे डॉक्टर उठले. "मला याची कल्पना नव्हती," ते म्हणाले.

"याच पानावर 'मी स्वतः समजावून सांगितलं' याखाली तुमची सही आहे, डॉक्टर," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बसा."

"ते होऊ द्या हो नंतर!" मावशी एकदम म्हणाली. "पानं बारा होती. बारा! हा एक झाला. बाकीचे अकरा जण गोळ्या खातायत. त्यांनाही कुणी सहावं पान वाचून दाखवलेलं नाही!"

पानं बारा होती, हे समितीत कुणालाही माहीत नव्हतं. आम्ही सगळे एका माणसाच्या चौकशीला जमलो होतो. पहिली रक्ततपासणी सहा आठवड्यांनी व्हायची होती, म्हणजे बाकीच्यांची अजून चार दिवसांनी. त्या अकरा जणांच्या पोटात काय चाललं होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. तपासनीस बाईंनी दुभाष्याची वाट न बघता घड्याळाकडं पाहिलं.

पाच मिनिटांत चाचणी थांबवल्याचा हुकूम लिहिला गेला. फाइलवाल्यानंच यादी आणून दिली. सात जण फोनवर सापडले, त्यांना आहे तसं यायला सांगितलं. चौघांचे फोन लागेनात. थोरल्या सिस्टरांना दुसऱ्या विभागातून बोलावलं, हॉस्पिटलची गाडी दिली, आणि मावशी कुणाला न विचारता गाडीत चढून बसली. "गोळीबद्दल सांगायचं तर मला पाठ आहे," ती म्हणाली. मीही चढले.

पहिल्या घरी एक निवृत्त पहारेकरी होता. त्यानं गोळ्या कधीच सोडून दिल्या होत्या, तोंड कडू होतं म्हणून. घाबरत घाबरत त्यानं कबुली दिली, आणि सिस्टरांनी त्याची पाठ थोपटली. दुसरा कामावर सापडला, गोदामात, धडधाकट होता. त्याला घेतलं.

तिसरी एका कापडगिरणीत काम करणारी बाई. चौथ्या मजल्यावर राहायची. मावशी जिना चढताना दर मजल्यावर थांबत होती आणि प्रत्येक वेळी म्हणत होती, "सापडू दे गं." दार उघडलं ते तिनंच. चेहऱ्यावर झोप. आत अंधार होता.

"जरा खिडकीशी येता का?" सिस्टर म्हणाल्या.

खिडकीशी आली. मला काही विशेष दिसलं नाही. सिस्टरांनी तिच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "गाडीत चला."

"अहो, झोप नाही म्हणून होतं ते," बाई म्हणाली. "चार दिवस अन्न नको वाटतंय, एवढंच. आजची गोळी घ्यायची राहिलीय, घेऊन येते."

"गोळी नाही!" मावशी इतक्या जोरात ओरडली की खालच्या मजल्यावरची दारं उघडली.

त्या बाईचं यकृत नुकतंच बिघडायला लागलं होतं. गोळी थांबल्यावर तीन आठवड्यांत सगळं ठीक झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर सांगता आलं नसतं.

चौथा सापडला नाही. यादीतला पत्ता होता एका रंगकाम करणाऱ्याचा. तिथं गेलो तर ते लोखंडी सामानाचं दुकान निघालं. दुकानदार म्हणाला, असा कुणी इथं राहत नाही. मध्यंतरी दुकानाला रंग द्यायला दोघं-तिघं आले होते, त्यातला असेल. दोन महिन्यांच्या गोळ्या त्याच्याकडं दिलेल्या होत्या. समितीनं आठ दिवस शोध घेतला, रंगाच्या दुकानांमधून निरोप ठेवले, कामगारांच्या नाक्यावर चौकशी केली. पत्ता लागला नाही.

वेल्डर वाचला. पण अडीच महिने पडून होता, आणि उठला तो निम्मा होऊन. वेल्डिंग त्याला पुन्हा जमलं नाही. तो एका कारखान्यात हजेरी घ्यायला बसतो. त्याच्या उपचाराचा खर्च आणि नुकसानभरपाई कंपनीला द्यावी लागली, ती समितीनं मिळवून दिली. मोठ्या डॉक्टरांना तीन वर्षं कुठलीही चाचणी करायला मनाई झाली. फाइलवाल्याची नोकरी गेली. मावशीवर पोलिसात तक्रार करायची की नाही यावर समितीत बराच वाद झाला म्हणे. शेवटी तिला लेखी ताकीद मिळाली आणि साक्षीच्या कामाला कायमची बंदी. ती बंदी वाचून मावशी म्हणाली, "हे बरोबर केलं त्यांनी." लिननची खोली तिच्याकडेच राहिली. दुसरा डोळा रांगेत नाव लावून वर्षभरानं झाला.

वेल्डरच्या बायकोला भेटायला मावशी दोनदा गेली. पहिल्यांदा त्या बाईनं दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा दारातच उभी राहून म्हणाली, "तुम्ही बोललात ते ऐकलं मी. पण त्या मंगळवारीच बोलला असता तर? नऊ दिवसांचे पंधरा कशाला केलेत?" मावशीनं सांगायचा प्रयत्न केला की मंगळवारी गोळी थांबलेलीच होती, त्याला आत घेतलं होतं. बाई म्हणाली, "माझ्या माणसाची थांबली होती. बाकीच्यांची?" घरी येऊन तिनं ते वाक्य आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. आईनं तिच्यापुढं चहा ठेवला.

चाचणी चार महिन्यांनी पुन्हा सुरू झाली, नव्या माणसांकडं. आता रुग्णानं सगळं ऐकल्यावर ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं, तरच अंगठा. रक्ततपासणी दर आठवड्याला.

मावशी आता निवृत्त झाली आहे. आवाज पुन्हा पूर्वीसारखा झाला, भांडणंही. पण रस्त्यानं चालताना ती लोकांच्या डोळ्यांत बघते. बसमध्ये, दुकानात, रांगेत. कपड्यांवर रंगाचे शिंतोडे असलेला माणूस दिसला की ती त्याच्या मागं मागं जाते. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. मी तिला म्हटलं, अगं, तो आता एक तर बरा तरी असेल, नाहीतर… ती म्हणाली, "त्या 'नाहीतर'लाच भिते मी."

मागच्या आठवड्यात आम्ही बसमधून येत होतो. समोरच्या बाकावर एक माणूस बसला होता, नखांत पांढरा रंग. मावशी पुढं वाकून त्याच्याकडं इतकी टक लावून बघायला लागली की तो वैतागला.

"काय बघताय बाई?"

"काही नाही," मावशी म्हणाली. "डोळे पांढरेशुभ्र आहेत तुमचे. जपा."

तो हसला आणि पुढच्या थांब्यावर उतरला. मावशी खिडकीतून त्याच्याकडं बघत राहिली, तो गर्दीत दिसेनासा होईपर्यंत. मग माझ्याकडं वळून तिनं हळूच विचारलं, "पांढरेच होते ना गं?"